भूल उतरतांना



या वार्षिकाच्या मराठी विभागासाठीं दरवर्षीं आम्हांकडे लेखाची मागणी येते, आणि दरवर्षीं आम्ही कांहीं तरी बोधपर लिहून देतों. खरें बोलावें, वेळ वायां दवडूं नये, वडील माणसांचा मान राखावा, अशा विषयांवर आम्हीं या पानांतून आजवर पुष्कळ उपदेश केला. यंदा मात्र उपदेशास हात घालण्यापूर्वीं स्वतःचा एक अपराध कबूल करावा असें मनानें घेतलें आहे. जो विषय आम्ही वर्गांत वीस वर्षें शिकवीत आलों त्याच विषयांत आम्ही नापास झालों, आणि त्या परीक्षेची फी आमच्या सात वर्षांच्या धाकट्या मुलास भरावी लागली. ती हकीकत, व तिच्या निमित्तानें माणसाच्या श्वासाविषयीं जें कांहीं शिकावयास मिळालें तें, येथें सांगतों.

आम्ही मुलुंडचे रहिवासी. मुलाचें टॉन्सिलचें दुखणें जुनें होतें. पावसाळा लागला कीं घसा सुजे, ताप भरे, शाळा बुडे. याहून चिंतेची गोष्ट म्हणजे तो रात्रीं तोंड उघडें टाकून मोठ्यानें घोरत असे. मध्येंच घोरणें एकदम थांबे, कांहीं क्षण सारें शांत होई, आणि मग तो दचकून मोठा श्वास घेई. घोरण्यानें आमची झोप मोडत नसे. मोडे ती त्या शांततेनें. त्याची आई अंधारांत उठून बसे व त्याच्या छातीवर हात ठेवी. घशाच्या डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं टॉन्सिल व नाकामागील अॅडिनॉइड हीं दोन्ही वाढून श्वासाची वाट अडवीत आहेत, तीं काढून टाकलेलीं बरीं.

दिवाळीच्या सुटींतली तारीख मिळाली. ती हुकली तर नाताळापर्यंत दुसरी मिळणें कठीण. मग आमच्या रजेची अडचण, त्याच्या परीक्षेची अडचण. असा सर्व हिशेब पक्का झाल्यावर, दोन दिवस आधीं, चिरंजिवांचें नाक वाहूं लागलें. रात्रीं थोडा खोकलाहि झाला. फटाक्यांच्या धुरानें झालें असेल, अशी आम्हीं स्वतःची समजूत घातली. स्वतःची समजूत घालावयास मनुष्यास फार मोठें कारण लागत नाहीं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे मुलास दाखवावयाचें होतें. त्यांनीं त्यास समोर बसवून प्रथम त्याच्याशीं मैत्री केली. मग म्हणाल्या, "मोठा आ कर, जीभ अगदीं बाहेर काढ, पण आवाज करूं नको." त्यानें तसें केलें. मग मान मागें वळवून पाहिली. एखादा दात हलतो काय, असें विचारलें. पुढला एक दुधाचा दात हलत होता. तो त्यानें मोठ्या अभिमानानें हलवून दाखविला. बाईंनीं तेंहि कागदावर टिपून घेतलें. आम्हांस हंसूं आलें. भूल दिलेल्या मुलाचा सुटा दात श्वासनलिकेंत पडूं शकतो, हें त्या वेळीं आम्हांस कोठें ठाऊक होतें! मग त्यांनीं छातीस नळी लावून पाहिली. छाती स्वच्छ होती. शेवटीं त्यांनीं विचारलें, "गेल्या दोन-तीन आठवड्यांत सर्दी, खोकला, ताप?"

आम्हीं उत्तर दिलें, "नाहीं."

मुलाच्या आईनें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं भिंतीवरील कॅलेंडराकडे पाहिलें. आंत जाण्यापूर्वीं, दाराबाहेर उभें राहून, आमच्याच रुमालानें आम्हीं मुलाचें नाक पुसलें होतें.

उपासाचा नियम मात्र आम्हीं तंतोतंत पाळला. अन्न व दूध सहा तास आधीं बंद, साधें पाणी दोन तास आधीं बंद, असें बजावलें होतें. या नियमामागें मोठा इतिहास आहे. न्यूयॉर्कचे डॉ. कर्टिस मेंडेलसन यांनीं १९४६ सालीं दाखवून दिलें कीं प्रसूतीच्या वेळीं भूल दिलेल्या स्त्रियांच्या पोटांतील आंबट रस कधीं कधीं घशांत येऊन फुप्फुसांत उतरतो व तेथें भाजल्यासारखी इजा करतो. जागा मनुष्य ठसका लागून वांचतो. भूल दिलेल्यास ठसका येत नाहीं. म्हणून पोट रिकामें हवें. पहांटे मुलगा दुधासाठीं रडला, तरी आम्हीं त्यास थेंबभरहि दिलें नाहीं, आणि आपण किती दक्ष पालक आहों असें आम्हांस वाटलें. जो नियम पाळण्यास आमची कांहीं हानि नव्हती तो आम्हीं पाळला, आणि जो पाळतां तारीख गेली असती तो मोडला.

मुलास आंत नेलें. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघें बसलों. काम पाऊण तासाचें, असें सांगितलें होतें. पाऊण तास झाला. घशाचे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "काम छान झालें, आतां त्यास जागें करीत आहेत," आणि पुन्हां आंत गेले. आम्हीं सुटकेचा निःश्वास टाकला. इतक्यांत दार धाडकन् उघडून एक परिचारिका धांवत बाहेर आली, शेजारच्या खोलींतून दुसऱ्या एका डॉक्टरांस हांक मारून घेऊन गेली, आणि दार लागलें. कोणी कांहीं सांगितलें नाहीं. सांगण्यास कोणास सवड नव्हती. मुलाच्या आईनें डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. आम्हीहि डोळे मिटले, पण शब्द सुचेनात. त्या बाकावर आम्हांस एकच शब्द ऐकूं येत होता, आणि तो आमचाच होता.

वीस-पंचवीस मिनिटांनीं बाई बाहेर आल्या. कपाळावर घाम होता. "मुलगा आतां ठीक आहे," हें त्यांनीं पहिल्या वाक्यांत सांगितलें. याबद्दल आम्ही त्यांचे जन्माचे ऋणी आहों. मग आम्हांस आंत नेऊन मुलगा दाखविला. तो कुशीवर निजलेला होता, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता, बोटास चिमटा होता, आणि तो कण्हत होता. ते कण्हणें आम्हांस फार गोड लागलें.

संध्याकाळीं बाईंनीं आम्हांस शांतपणें बसवून काय घडलें तें समजावून दिलें. त्यांनीं सांगितलें तें आणि मागाहून आम्हीं पुस्तकांत पाहिलें तें एकत्र करून, शाळकरी मुलांस समजेल अशा रीतीनें पुढें मांडतों.

आपल्या घशांत दोन वाटा आहेत. एक अन्नाची, दुसरी श्वासाची. श्वासाच्या वाटेच्या तोंडाशीं स्वरयंत्र आहे आणि त्यांत दोन स्वरतंतू आहेत. बोलणें व गाणें हें त्यांचें आपणांस ठाऊक असलेलें काम. परंतु त्यांचें मूळचें काम पहारेकऱ्याचें आहे. अन्नाचा कण किंवा पाण्याचा थेंब चुकून तिकडे वळला, तर ते क्षणांत एकमेकांस चिकटून दार लावतात. मनुष्य पुरता जागा असतां हा पहारेकरी शहाणा असतो. कण गेला कीं दार पुन्हां उघडतो. गाढ भूल चढली असतां तो गाढ झोपतो व कोणासहि अडवीत नाहीं. भय आहे तें मधल्या अवस्थेंत, म्हणजे भूल उतरूं लागली आहे पण शुद्ध पुरती आली नाहीं अशा वेळीं. वसाहतीचा अर्धवट झोपेंतला पहारेकरी घराच्या मालकासच चोर समजून फाटकास कुलूप लावतो, तसें होतें. थुंकीचा अगर रक्ताचा एक थेंब पुरतो. स्वरतंतू घट्ट मिटतात आणि मग हवेसहि आंत येऊं देत नाहींत. यास स्वरयंत्राचा आकस अथवा लॅरिंगोस्पाझम म्हणतात. हा मोठ्या माणसांपेक्षां मुलांत अधिक होतो, टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर अधिक होतो, आणि नुकतीच सर्दी झालेल्या मुलांत आणखीच अधिक होतो. कारण सर्दीनें पहारेकरी आधींच चिडलेला असतो.

बाईंनीं मुलाच्या घशांतील नळी काढली, तो खोकला, आणि मग छाती व पोट जोरानें हलत असतांहि मुखवट्याच्या पिशवींत वारा येईना. आवाज तर मुळींच नव्हता. बाई म्हणाल्या, "भूल उतरतांना मूल घोरलें तर मला बरें वाटतें, जीभ मागें पडली आहे एवढाच त्याचा अर्थ. कर्कश शीळ ऐकूं आली तर मी सावध होतें. दार किलकिलें आहे. पण छाती हलते आहे आणि आवाज नाहीं, तेव्हां दार बंद आहे. त्या शांततेचें मला भय वाटतें."

मुलाची आई हळूच म्हणाली, "ती शांतता मी ओळखतें, बाई."

मग त्यांनीं काय केलें? प्रथम मोठ्यानें मदत मागितली. घशांतील रक्त व लाळ शोषून घेतली. टॉन्सिल काढल्यावर टाळूच्या मागें रक्ताची गुठळी लपून राहते, तीहि पाहिली. दोन्ही हातांनीं जबडा पुढें उचलला. मुखवटा घट्ट बसवून शुद्ध प्राणवायु पिशवीनें दाबून ठेवला. कानाच्या पाळीमागें, जबड्याचें हाड व कवटी यांच्यामधील खळगींत जोरानें दाब दिला; पुष्कळ वेळां एवढ्यानेंच दार उघडतें. उघडलें नाहीं, तेव्हां शिरेवाटे प्रोपोफॉल देऊन भूल पुन्हां थोडी गाढ केली. तेंहि पुरेसें झालें नाहीं. बोटावरील यंत्राचा आंकडा ९८ वरून उतरत उतरत ७० च्या खालीं गेला, आणि त्याचा सूरहि आंकड्याबरोबर खालीं खालीं जाऊं लागला. तेव्हां स्नायू सैल पाडणारें सक्सामिथोनियम नांवाचें औषध देऊन त्यांनीं स्वरतंतूंची मिठी सोडविली आणि नळी पुन्हां आंत घातली. सूर वर चढूं लागला. नंतर त्यांनीं घाई केली नाहीं. मूल डोळे उघडून हात झिडकारूं लागेपर्यंत थांबल्या, आणि मगच दुसऱ्यानें नळी काढली. पुढें दोन तास त्या त्याच्याजवळून हलल्या नाहींत. कारण बंद दारावर जोरानें श्वास ओढल्यानें फुप्फुसांत पाणी उतरूं शकतें, व तें कांहीं वेळानें दिसून येतें.

हें सर्व सांगून झाल्यावर त्यांनीं तोच कालचा प्रश्न पुन्हां विचारला. आवाजांत राग नव्हता. आम्हीं या वेळीं खरें उत्तर दिलें. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "सर, कदाचित् मी दोन-तीन आठवडे थांबा म्हटलें असतें. कदाचित् सर्दी किरकोळ आहे असें पाहून त्याच दिवशीं, अधिक तयारीनिशीं, काम केलें असतें. सर्दी नसतांहि हें होऊं शकतें. पण काय करावयाचें तें ठरविण्याची संधि मला मिळाली नाहीं. तुम्हीं माझ्याऐवजीं ठरविलें."

एवढेंच. आम्हीं वर्गांत खोटें बोलणाऱ्या मुलांस पुष्कळ वेळां याहून लांब भाषणें ऐकविलीं आहेत. त्यांपैकीं एकहि इतकें लागलें नसेल.

आमची आजी तरुणपणीं मिरजेच्या मिशन इस्पितळांत परिचारिका होती. डॉ. विल्यम वॉनलेस यांनीं १८९४ सालीं सुरू केलेलें तें इस्पितळ. तारेच्या चाळणीवर कापड ताणून त्यावर ईथरचे थेंब टाकीत, असें ती सांगे, आणि तिला मिळालेली पहिली आज्ञा कोणती, तर "हनुवटी सोडूं नको." झोपलेल्याची जीभ सैल पडून घशांत मागें सरते, हनुवटी व जबडा पुढें उचलून धरला कीं जीभहि पुढें येते. लहानपणीं आम्हांस वाटे, काय ही क्षुल्लक आज्ञा! आतां कळतें कीं भूल देण्याच्या विद्येचा अर्धा भाग या तीन शब्दांत आहे. कारण भूल देणें हें त्या कामाचें नांव असलें तरी श्वास राखणें हें त्याचें मर्म आहे.

हें मर्म जगास पुष्कळ हानि सोसून कळलें. अमेरिकेंत बॉस्टन येथें १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं डॉ. मॉर्टन यांनीं ईथरची भूल सर्वांसमक्ष देऊन दाखविली. पुढल्याच वर्षीं ती विद्या कलकत्त्यास पोंचली. १८४७ च्या नोव्हेंबरांत एडिंबरोचे डॉ. सिम्पसन यांनीं क्लोरोफॉर्म प्रचारांत आणला. वेदना टाळणें धर्मास सोडून आहे, असा आक्षेप येईल म्हणून त्यांनीं उत्पत्तीच्या पुस्तकांतील आदामाच्या गाढ निद्रेकडे बोट दाखविलें, हें या शाळेंतील मुलांस मौजेचें वाटेल. परंतु तीन महिने होण्याच्या आंतच, २८ जानेवारी १८४८ रोजीं, इंग्लंडांत हॅना ग्रीनर नांवाची पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म दिल्यावर मरण पावली. काम केवढें, तर पायाच्या बोटाचें नख काढण्याचें! तिला शुद्धीवर आणण्यासाठीं तोंडांत पाणी व ब्रँडी घातली होती. त्यानेंच तिचा श्वास कोंडला, असें सिम्पसन म्हणाले. हृदयच थांबलें, असें दुसरे म्हणाले.

श्वास आधीं थांबतो कीं हृदय, हा वाद पुढें आपल्या अगदीं जवळ आला. आपला मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यांत होता त्याच राज्याच्या राजधानींत, हैदराबादेंत, डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकारानें १८८८ व १८८९ सालीं दोन क्लोरोफॉर्म कमिशनें बसलीं. दुसऱ्यासाठीं निजामानें खर्च सोसून लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन यांस बोलाविलें. शेंकडों प्राण्यांवर प्रयोग करून निष्कर्ष निघाला कीं श्वास आधीं थांबतो, म्हणून भूल देणाऱ्यानें श्वासावर नजर ठेवावी. पुढें १९११ सालीं लंडनच्या डॉ. लेव्ही यांनीं दाखविलें कीं क्लोरोफॉर्मनें हृदयहि अकस्मात् बंद पडूं शकतें. म्हणजे हैदराबादचा निष्कर्ष पुरा नव्हता. तथापि श्वासावर नजर ठेवण्याचा त्यांचा आग्रह व्यर्थ गेला नाहीं. त्याच हैदराबादेंत रुपाबाई फर्दूनजी या पारशी बाई रोग्यांस क्लोरोफॉर्म देण्याचें काम करीत. १९०९ सालीं त्या अधिक शिक्षणासाठीं एडिंबरोस गेल्या. भूल देण्याच्या विद्येंत स्त्रिया किती पूर्वींपासून आहेत हें यावरून दिसेल.

पुण्याची एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक असेल. १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीं ससून रुग्णालयांत कर्नल मॅडॉक यांनीं महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया केली. गांधीजी त्या वेळीं येरवड्याचे बंदिवान होते. काम चालू असतां विजेचे दिवे गेले आणि तें कंदिलाच्या उजेडांत पुरें करावें लागलें. शस्त्र चालविणाऱ्याच्या अडचणीची ही गोष्ट नेहमीं सांगतात. भूल देणाऱ्याचा विचार कोणी करीत नाहीं. त्या काळीं त्याचीं यंत्रें म्हणजे डोळे, कान आणि नाडीवर ठेवलेलें बोट. दिवा गेल्यावर ओठांचा रंग दिसेनासा होतो. उरतात कान आणि बोट. आज बोटावरील चिमट्यांतून रक्तांतील प्राणवायु मोजतां येतो. जपानचे ताकुओ आओयागी यांनीं १९७४ सालीं या युक्तीचा शोध लावला, आणि २०२० च्या साथींत तें यंत्र मुंबईच्या घरोघरीं पोंचलें.

श्वासनलिकेंत नळी घालण्याची कल्पनाहि जुनी आहे. ग्लासगोच्या मॅकएवन यांनीं १८७८ सालीं तोंडावाटे नळी घालून भूल दिली. परंतु जिवंत माणसाचे हलते स्वरतंतू नीट न्याहाळून त्यांचें वर्णन करणारा गृहस्थ डॉक्टर नव्हता. तो आमच्यासारखा मास्तर होता, गाणें शिकविणारा. मान्युएल गार्सिया यानें १८५४ सालीं लहान आरसा व सूर्यप्रकाश यांच्या साह्यानें स्वतःच्याच घशांत पाहिलें.

आतां तुम्ही विचाराल कीं हें सर्व संकट झोपवितांना यावें, जागें करतांना कां यावें? येथें आमच्याप्रमाणें पुष्कळांचा गैरसमज असतो. घाटकोपरच्या वस्त्यांवरून विमानें उतरतांना तुम्हीं पाहिलीं असतील. उंच आकाशांत वैमानिकास तितकी चिंता नसते. चिंता चढतांना व उतरतांना. ब्रिटनमध्यें २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत भूल देतांना श्वासमार्गाचे जे गंभीर प्रसंग घडले त्यांपैकीं सुमारें एक तृतीयांश भूल उतरतांना किंवा त्यानंतर लगेच घडलेले होते. आपल्या देशांतील ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशननें २०१६ सालीं जीं मार्गदर्शक सूत्रें काढलीं त्यांत नळी घालण्याचीं सूत्रें आहेत, तसेंच नळी काढण्याचेंहि स्वतंत्र सूत्र आहे.

भूल उतरतांना येणाऱ्या अडचणी एकाच प्रकारच्या नाहींत. जीभ मागें पडली तर हनुवटी उचलावी, कुशीवर निजवावें, जरूर तर जिभेमागें वांकडी नळी ठेवावी. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल शिल्लक राहिला तर रोगी शुद्धींत असूनहि पुरता श्वास घेऊं शकत नाहीं, डोकें उचलूं शकत नाहीं. त्यास उतारा देतात, आणि उतारा लागू पडला कीं नाहीं तें मनगटाजवळील शिरेस विजेचा बारीक झटका देऊन अंगठा किती हलतो त्यावरून पाहतात. नळीनें घसा सुजला तर लहान मुलांत भुंकल्यासारखा खोकला व शिळेसारखा आवाज येतो; मग दमट प्राणवायु, सूज उतरविणारें औषध, आणि ॲड्रिनॅलिनची वाफ. टॉन्सिल काढलेलें मूल पुन्हां पुन्हां गिळतांना दिसलें तर तें रक्त गिळत आहे अशी शंका घेऊन डॉक्टरांस तात्काळ कळवावें. हें पालकांनीं विशेष लक्षांत ठेवावें, कारण तें घरीं आल्यावरहि, आठवडाभरानेंहि, घडूं शकतें. घसा दुखणें, आवाज बसणें, हे मात्र बहुधा आपोआप जातात.

त्या "आ कर" या आज्ञेचेंहि मर्म सांगतों. तोंड उघडून जीभ बाहेर काढल्यावर पडजीभ व टाळू किती दिसतात यावरून नळी घालणें सोपें कीं कठीण याचा अंदाज बांधण्याची रीत शेषगिरी राव मल्लमपट्टी या आंध्रांतून अमेरिकेंत गेलेल्या डॉक्टरांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केली. आज जगभर ती त्यांच्याच नांवानें चालते. दुसरी परीक्षा तुम्ही आतांच करून पाहूं शकतां. आपलीं तीन बोटें उभीं धरून तोंडांत जातात काय तें पाहा. आपल्या उपनगरांत अशीं पुष्कळ माणसें आहेत कीं ज्यांच्या तोंडांत एक बोटहि जात नाहीं. सुपारी व गुटखा यांनीं गालाचें आंतील कातडें ताठर होऊन जबडा जखडतो. असा मनुष्य अपघात होऊन रुग्णालयांत आला तर भूल देणाऱ्यानें नळी कोठून घालावी? मग रोगी जागा असतांच नाकावाटे लवचीक दुर्बीण सोडून वाट शोधावी लागते. तेंहि न जमल्यास गळ्यास छेद देऊन. गुटख्यावर महाराष्ट्रांत २०१२ पासून बंदी आहे, आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत तंबाखूचे पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्यानें मनाई आहे. तरी खिशांतून पुडी कशी निघते, हें आम्हीं तुम्हांस सांगावयास नको. तिच्या संबंधीं डॉक्टरांनीं विचारलें तर तुम्हीहि "नाहीं" म्हणाल, अशी आम्हांस भीति वाटते. आणि आतां तुम्हांस रागें भरण्याचें तोंड आम्हांस राहिलें नाहीं. फक्त विनवितों.

मुलगा तिसऱ्या दिवशीं घरीं आला. आवाज बसला होता. आइस्क्रीमची परवानगी आहे हें कळल्यावर त्यास शस्त्रक्रिया फारशी वाईट वाटेनाशी झाली. तो हलणारा दात पंधरा दिवसांनीं पेरू खातांना पडला. त्याच्या आईनें तो डबींत जपून ठेवला आहे. त्या रात्रीं आम्हीं मुलास जवळ घेऊन जें घडलें तें सर्व सांगितलें. सांगावें कीं न सांगावें याचा आम्हीं पुष्कळ विचार केला होता. त्यानें ऐकून घेतलें आणि विचारलें, "बाबा, तुम्हीं खोटें कां सांगितलें?" आम्हीं म्हटलें, "तारीख जाईल म्हणून." तो म्हणाला, "मग दुसरी घ्यायची." सात वर्षांच्या मुलास जें इतकें सोपें वाटलें तें आम्हांस सुचलें नव्हतें.

मराठींत "भूल" या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक डॉक्टर देतात ती, आणि दुसरी मनुष्यास आपली आपणच पडते ती. पहिली उतरवावयास कुशल माणूस जवळ बसलेला असतो. दुसरी कधीं कधीं दुसऱ्याच्या जिवावर बेतल्यावांचून उतरत नाहीं.

म्हणून पालकहो, तुमच्या घरीं कोणावर असा प्रसंग आला तर भूल देणाऱ्या डॉक्टरांपुढें सर्व कांहीं उघड करा. सर्दी असेल ती सांगा, शेवटचा घोट केव्हां घेतला तें सांगा, रात्रींचें घोरणें व मध्येंच थांबणारा श्वास सांगा, हलता दात सांगा, पूर्वीं भुलीचा त्रास झाला असेल तर तो सांगा, व्यसन असेल तर तेंहि लाज न धरतां सांगा. तारीख पुढें गेली तर जाऊं द्या. आणि मुलांनो, वडील माणसें चुकतांना दिसलीं तर तुम्हींहि नम्रपणें बोला. आमच्या चिरंजिवानें त्या खोलींत एकदां शिंकून दाखविलें असतें तरी पुष्कळ काम झालें असतें.

आतां तो रात्रीं तोंड मिटून शांत झोपतो. घोरणें नाहीं, दचकणें नाहीं. ती शांतता आतां भिण्यासारखी नाहीं, असें डॉक्टरांनीं सांगितलें आहे. तरी त्याची आई अजून मध्यरात्रीं उठते, त्याच्या छातीवर हात ठेवते, आणि मग निजते. आम्ही जागेच असतों.